जित्या बापाचा घास

पाचपोर गुरुजी कोणताही घास तोंडात घालण्याआधी नाकाजवळ नेत. घरची भाकरी असो की लग्नातली बुंदी, आधी हुंगणं, मग पंगतीवर एक नजर, आणि मगच पहिला घास. यजमानाला हे झोंबत असणारच, पण गुरुजींना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. "नाक देवानं काय नुसतं शिंकाले देलं?" एवढं म्हणून ते जेवायला लागत, आणि एकदा लागले की भरपूर जेवत.

त्यांचं चरित्र मला ठाऊक नाही. वडनेर भोलजीला त्यांची थोडी जमीन होती, बायको लवकर गेली होती, एवढंच. बाकी विचारायची सोय नव्हती. "काऊन इचारून राह्यले?" असा उलटा प्रश्न यायचा आणि आपणच काहीतरी चोरी केल्यासारखं वाटायचं.

आमची गाठ पडली ती शेतकी शाळेत. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालेलं होतं आणि जो तो काहीतरी नवं काढायच्या घाईत होता. मुंबईच्या एका संस्थेनं धामणगाव बढ्याच्या पलीकडे माळरानावर ही शाळा काढली होती. खेड्यापाड्यांतून पोटासाठी मुंबईला गेलेल्या माणसांची पोरं तिकडे फुटपाथवर, स्टेशनात सापडत. त्यांना गोळा करायचं, मलकापूरपर्यंत रेल्वेनं आणि पुढे बैलगाडीनं इकडे आणायचं, आणि शेती शिकवून परत मातीला लावायचं, अशी ती कल्पना. जमीन एका मोठ्या शेतकऱ्यानं दान दिलेली, पण त्याची अट होती की पोरं अनाथच हवीत, मागंपुढं कोणी नसलेली. संस्थेनं ती आनंदानं मान्य केली. अनाथ म्हटलं की देणाऱ्याचा हात सैल सुटतो, हे मला पुढे कळलं.

मी बुलडाण्याचा, कारकुनाचा मुलगा. भाषा आणि गणित शिकवायला म्हणून गेलो. गुरुजी तिथले मुख्य. फाटकाशीच उभे होते, धोतर गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं, हातात बैलाचा कासरा. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, कोणी धाडलं. मी म्हटलं, संस्थेनं. "ते झालं वरचं," ते म्हणाले. "खरं कोनी धाडलं?"

बरेच दिवस त्यांची खात्री होती की मी मुंबई कचेरीचा हेर आहे. रोज संध्याकाळी मी माळावर फिरायला जायचो, त्याचाही त्यांना संशय. तिथे काय पाहता म्हणून विचारलं, तेव्हा मी सूर्यास्त म्हणालो. दुसऱ्या दिवशी ते माझ्या मागोमाग आले, पाठीशी उभे राहून सूर्य पार बुडेपर्यंत थांबले, आणि म्हणाले, "हे त ओट्यावरून बी दिसते." तेव्हापासून मीही ओट्यावरूनच पाहायला लागलो.

त्यांचं एक पालुपद होतं. काहीही सांगा, ते शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "म्हनते. पन असन काय?" रेडिओ पाऊस सांगायचा. म्हनते, पन असन काय? पंचांग, ग्रामसेवक, वर्तमानपत्र, सगळ्यांना हाच न्याय. संकरित ज्वारीचं नवं बियाणं आलं तेव्हा त्यांनी निम्म्या रानात नवं पेरलं, निम्म्यात जुनं, आणि कापणीपर्यंत दोन्ही पिकांवर सारखाच संशय घेत बांधावरून फिरत राहिले. बियाण्याच्या भुईमुगाचं पोतं त्यांच्या बाजेखाली असे. गाडीत माल भरला की स्वतः गाडीत न बसता मागून चालत. का, तर काही पडलं तर कळावं. पडलं नाही आणि पाडलं, तरीही कळावं.

एकदा मुंबईहून संस्थेचे पाहुणे आले. मोटार, हार, फोटो काढणारा माणूस आणि पेढ्यांची करंडी. पोरं ओळीनं बसली, पाहुणीबाईंनी पहिला पेढा उचलला. गुरुजी मधे आले, तो पेढा त्यांच्या हातून घेतला, हुंगला आणि स्वतः खाल्ला. मग म्हणाले की आता थोडं थांबू. सगळे थांबले. पाहुणे उन्हात, पोरं पेढ्यांकडे टक लावून, आणि मधोमध गुरुजी, आपल्या पोटात काय होतंय त्याच्याकडे ध्यान देऊन बसलेले. बऱ्याच वेळानं त्यांनी मान हलवली, तेव्हा पेढे वाटले गेले. मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पोरांना मात्र यात काही वावगं वाटलं नाही. त्यांच्यासाठी आधी कोणी चाखून पाहतं, ही गोष्ट त्यांना मनापासून आवडत असावी, असं मला आता वाटतं.

गावाचा उलट आमच्यावर संशय होता. जवळच एका धरणाचं काम चालू होतं, आणि धरणाची भिंत टिकावी म्हणून तिच्यात पोर पुरतात ही वावडी सगळ्या पंचक्रोशीत होती. परमुलखातून आणलेली, नातंगोतं नसलेली पोरं या माळावर खाऊपिऊ घालून कशासाठी ठेवली असतील, याचा गावानं बरोबर हिशेब लावला होता. एकदा दोन पोरांना ताप आला म्हणून गुरुजी आणि मी त्यांना गाडीत घालून मोताळ्याच्या दवाखान्यात निघालो. वाट धरणावरून. गावकऱ्यांनी गाडी अडवली, बैल सोडले, दोघातिघांच्या हातात काठ्या. मी तर घाबरून गेलो होतो. गुरुजींच्या चेहऱ्यावर मात्र इतका आनंद मी आधी पाहिला नव्हता. त्यांनी गावकऱ्यांनाच सांगितलं की बरोबर चला, दवाखान्यापर्यंत डोळ्यांनी बघा. चार माणसं आली. एकानं तर आजारी पोराचं डोकं मांडीवर घेतलं. परतल्यावर गुरुजी मला म्हणाले, "मास्तर, यायले संशय आला म्हंजे यायले पोट्ट्यायची काळजी हाये. ज्याले संशय येत नाई, त्याले परवा नाई."

तर अशा माणसानं एक गोष्ट कधीच तपासली नव्हती. पोरं अनाथ आहेत असं संस्थेनं सांगितलं होतं, आणि जगातली तेवढी एकच गोष्ट त्यांनी ऐकल्या क्षणी खरी मानली. मला वाटतं, मायबाप असताना कोणी पोराला अनाथ म्हणेल, हे त्यांच्या संशयी डोक्यातही आलं नसावं.

उलट त्यांनी त्याचा एक धर्म करून ठेवला होता. सर्वपित्रीच्या अमावास्येला शाळेत सगळ्या पोरांच्या मेलेल्या मायबापांचं एकत्र श्राद्ध व्हायचं. खीर, वडे, कढी, गवारीची भाजी. प्रत्येक पोरानं बोटात दर्भ घालून ओंजळीनं पाणी सोडायचं, आपल्या मायबापाच्या नावाचा घास पानावर घ्यायचा आणि कुंपणाशी नेऊन ठेवायचा. नाव माहीत नसेल तर नुसतं "बा" म्हणायचं, "माय" म्हणायचं. गुरुजी स्वतः सगळ्यांच्या मागे उभे राहत. या पोट्ट्यायच्या मायबापायले दुसरं कोन घालनार, म्हणत. पंचांगावर विश्वास नसलेला माणूस त्या दिवशी सकाळपासून उपाशी असे. सगळ्यांच्या पानाला कावळा शिवेपर्यंत पाणीसुद्धा घेत नसे.

त्या वर्षी उन्हाळ्यात किसना नावाचा पोरगा नवा आला होता. असेल आठ-नऊ वर्षांचा. मुंबईहून आला म्हणायचा, पण बैल जुंपताना त्याला काही सांगावं लागत नसे. अबोल. सांगितलं ते करायचा. अमावास्येला त्याची पाळी आली आणि त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले. गुरुजींनी तांब्या पुढे केला, तर मागे सरकला.

"महा बाप जिता हाय," तो म्हणाला. "मी पानी सोडनार नाय."

गुरुजींचा पहिला संशय पोरावरच गेला. त्यांनी खाली बसून विचारलं की कोणी शिकवलं, खोटं बोललास तर माहीत आहे ना. किसना ढळला नाही. तुकड्यातुकड्यानं सांगत गेला. आई मुंबईत वारली. गेल्या वर्षी बाप त्याला एका मोठ्या घरात ठेवून गावी पेरणीच्या कामाला गेला. पीक निघालं की न्यायला येतो म्हणाला होता. गाव कोणतं, तर नुसतं गाव. पण डोणगावचा बाजार त्याला आठवत होता. बाप खांद्यावर बसवून न्यायचा.

गुरुजी तांब्या हातात धरून तसेच बसले होते. एवढ्यात आधीच घास ठेवून आलेलं एक बारकं पोर, खिरीनं तोंड माखलेलं, जवळ आलं आणि म्हणालं, "गुर्जी, मंग माही माय बी जिती असन काय?"

मी पुष्कळ माणसांचे पुष्कळ चेहरे पाहिले. त्या क्षणी गुरुजींचा झाला तसा पुन्हा पाहू नये. कुंपणावर कावळे उतरले होते आणि एकेक घास उचलून नेत होते. गुरुजी उठले आणि त्यांनी कावळ्यांवर दगड भिरकावला, मग दुसरा, मग तिसरा. श्राद्धाच्या घासावरून कावळे हाकलणारा माणूस मी तेव्हाच पाहिला. मग ते दमून ओट्यावर टेकले. त्या दिवशी ते जेवलेच नाहीत.

"अवघ्या जगाची झडती घेतली, मास्तर," ते मला म्हणाले. "अन् हेच एक तपासलं नाई. जित्या मान्सायले पानी सोडाले लावलं म्या. लेकरायच्या हातानं."

मी सुचवलं की संस्थेला विचारू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा हेर ठरलो. ज्यानं मेला म्हणून सांगितलं त्यालाच जिता हाय काय म्हणून विचारायचं, हे त्यांच्या बुद्धीत बसत नव्हतं.

त्यांनी किसनाला घेतलं आणि एसटीनं डोणगाव गाठलं. मला बरोबर नेलं ते शाळेत एकटं सोडायचा भरवसा नव्हता म्हणून. आता कोणीही काय करेल? बाजारात चार लोकांना विचारेल, हाक मारेल. गुरुजींनी एक अक्षर कोणाला विचारलं नाही. "हाक मारली की ज्याचं काई नाई थो बी वळते," ते म्हणाले. बैलबाजाराच्या तोंडाशी एक चिंच होती, तिच्याखाली किसनाला धुतलेला सदरा घालून उभं केलं, आणि आपण लांब एका दोरखंडवाल्याच्या दुकानाशी बसले. ज्याचं हरवलं असेल तो पाहील, अशी ही पद्धत. बाजार उठला, कोणी आलं नाही. आम्ही परत गेलो आणि पुढच्या बाजाराला पुन्हा आलो.

दुसऱ्या खेपेला एक धडधाकट गडी पोराशी येऊन बोलू लागला. मग त्याचा हात धरून, हा माझा लेक, माझा लेक, म्हणून रडायलाच लागला. लोक जमले. माझेही डोळे भरून आले. गुरुजी उठले आणि त्याचा हात सोडवून त्यांनी त्याला सरळ बाजाराबाहेर काढलं. तो गेल्यावर मी चिडलो. गुरुजी शांतपणे म्हणाले, "यानं पोट्ट्याचं तोंड कुठं पाह्यलं? दंड चाचपले, पोटऱ्या पाह्यल्या. त्याले गुरं राखाले पोट्टं पाह्यजे होतं." मला तो हात पुन्हा आठवला. खरंच, दंडावरच होता.

पण त्याच दिवशी गुरुजींनी आणखी एक माणूस हेरला होता. वाळलेला, डोक्याला फडकं, अंगावर चिंध्या. तो कांद्याच्या ढिगाआडून चिंचेकडे पाहत होता. जवळ आला नाही. बाजार उठताना दिसेनासा झाला. गुरुजींनी निकाल दिला, पोरं पळवणारा. पुढच्या बाजाराला तो पुन्हा तिथेच, कांद्याआड. पाहत राहिला, आणि पाठ फिरवून निघाला. गुरुजी आडव्या बाजूनं गेले आणि त्याचा दंड धरला. मी धावत पोहोचलो तेव्हा तो माणूस सुटायची धडपडही करत नव्हता. गुरुजींनी विचारलं, पोरावर काऊन डोळा ठेवून राह्यला.

"मव्हा हाय," तो म्हणाला. "पर सदरा चांगला हाय त्याच्या अंगावर. गालावर मास आलंय. कोन्या चांगल्या घरी पडला दिसतो. मी कशाला मधी येऊ? मह्याकडं काय हाय?"

तो मुंबईला पुन्हा गेला होता. तिथे त्याला सांगण्यात आलं होतं की तुझा पोरगा इथे नाही, आणि कुठे आहे ते कोणी सांगितलं नव्हतं. गुरुजींनी त्याचा दंड सोडला. मला वाटलं, आता तरी म्हणतील, म्हनते, पन असन काय? तसं ते म्हणाले नाहीत. ज्यानं माझा लेक म्हणून गळा काढला त्याला त्यांनी हाकललं होतं, आणि जो निघून जात होता त्याला हाताला धरून चिंचेखाली आणलं. किसनानं आधी ओळखलं नाही. बापानं खाली बसून पाठ केली, तेव्हा तो बिनबोभाट त्याच्या खांद्यावर चढला. पाय लांब झाले होते, ते बापाच्या पोटापर्यंत लोंबत होते. मी तोंड फिरवलं आणि दोरखंडवाल्याकडून नको असताना एक कासरा विकत घेतला.

बापाकडे खायला नव्हतं, म्हणून गुरुजींनी त्यालाही शाळेत आणलं आणि मोटेवर लावलं. काही दिवस शाळेत एक बाप होता. बाकीची पोरं त्याला उगीच शिवून जात, त्याच्या हातची भाकरी मागत. आणि मग मुंबईहून संस्थेचे चिटणीस आले. मोटेजवळ थांबून त्यांनी विचारलं की हा कोण. किसनाचा बाप, गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, ही अनाथांची शाळा आहे," चिटणीस म्हणाले. "इथे बाप कसा चालेल?"

"अनाथ म्हनता तुमी. पन असतीन काय?"

चिटणीस वाईट माणूस नव्हते. त्यांनी गुरुजींना बाजूला नेऊन समजावलं की हे लोक पोरं टाकून जातात, परत येतात ते कमवायला लावायला, पोरं इथेच सुखात आहेत, आणि उद्या जमीनवाल्याला कळलं तर शाळाच बंद होईल. यातलं बरंचसं खरं होतं. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. "लेकरू कुठं बरं राह्यते ते मंग पाहू," ते म्हणाले. "पयले त्याच्या बापाले मेला म्हनू नका."

महिनाभरातच गुरुजींच्या जागी दुसरा माणूस आला. ते ट्रंक डोक्यावर घेऊन निघाले. मागे किसना, त्याच्यामागे बाप. तिघं वडनेर भोलजीला गुरुजींच्या जमिनीवर गेले. पण बाजाराचं काम त्यांनी सोडलं नाही. मी शाळेत होतो तोवर कोणत्या पोराला काय आठवतं, कोणता घाट, कोणतं देऊळ, ते त्यांना निरोपानं कळवत असे, आणि ते कुठल्या तरी गावच्या बाजारात जाऊन बसत. काहींची माणसं सापडली. पुष्कळांची सापडली नाहीत. खिरीनं तोंड माखलेल्या त्या बारक्या पोराची माय सापडली नाही. पुढे जमीनवाल्याच्या मुलांनी जमीन परत घेतली, पोरं दुसरीकडे हलवली गेली, आणि आता त्या माळावर दुसऱ्याच कोणाची कपाशी असते. मी जिल्हा परिषदेच्या नोकरीत लागलो आणि फिरत फिरत डोणगावला आलो. किसना आणि त्याचा बापही तोवर इकडे परतले होते. दुसऱ्याचं रान वाट्यानं करत. बाजारात भेट व्हायची.

एका वर्षी किसना घरी आला. चांगला दाढीमिशीवाला बाप्या झालेला. बाप उन्हाळ्यात गेला होता. सर्वपित्रीला तुम्ही या म्हणाला, आणि गुरुजींना निरोप धाडला आहे, पितर म्हणून तेच बसणार. आमच्याकडे श्राद्धाला घरातल्या मेलेल्या माणसाच्या जागी कोणी वडीलधारा जेवायला बसवतात, त्याला पितर म्हणतात. त्याच्या पोटात गेलं ते बापाच्या पोटात गेलं, असं धरतात.

गुरुजी दुपारच्या गाडीनं आले. फार वाकले होते, नजर अधू झाली होती. स्वतःचं पाणी स्वतःच्या तांब्यात आणलं होतं. किसनानं पाय धरले, तर त्याला उभं करून तोंडाजवळ तोंड नेऊन त्यांनी निरखून पाहिलं. मग मला पाहिलं. पाट मांडला होता, पान वाढलं होतं. ते बसेनात.

"गेला म्हनते," ते किसनाला म्हणाले. "पन असन काय? तू सोता पाह्यलं?"

"माह्या मांडीवर गेला, गुर्जी. मीच अग्नी देला." किसना गुरुजींकडे राहून त्यांच्यासारखंच बोलायला लागला होता.

"लोकायनं सांगतलं म्हनून नाई ना?"

"नाई गुर्जी."

गुरुजी पाटावर बसले आणि म्हणाले, "मंग सोड पानी."

किसनानं बोटात दर्भ घातला, ओंजळ पुढे केली. या खेपेला हात मागे गेले नाहीत. गुरुजींनी आपल्या तांब्यातलंच पाणी त्याच्या ओंजळीत ओतलं, आणि ते सगळं सांडून जाईपर्यंत त्याच्या हातांकडे पाहत राहिले. किसनाच्या बायकोनं खीर वाढली, वड्यावर तूप सोडलं. किसना हात जोडून समोर बसला. मी सवयीनं गुरुजींच्या नाकाकडे पाहत होतो.

त्यांनी घास उचलला आणि सरळ तोंडात घातला.